रंजितमचं राहिलेलं हसू

मद्रासमधल्या सालिग्राममच्या त्या गल्लीत रंजितमला मेलेलं पाहिलं नाही असं माणूस सापडणं कठीण होतं. शाळेतल्या पोरांनीसुद्धा पाहिलं होतं. खुद्द रंजितमनं मात्र स्वतःला तसं एकदाही पाहिलं नव्हतं. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर होडीचा सिनेमा लागला की शेवट जवळ आल्यावर ती उठायची आणि तांदूळ धुवायला घ्यायची. बाहेर बायकांच्या नाकं ओढण्यावरून तिला कळायचं, आता आपण किनाऱ्याला लागलो, आता आपल्याला उचललं, आता संपलं. मग ती भात चढवायची.

त्या सिनेमाला चांगलं भरजरी नाव होतं, पण लोक त्याला होडीचा सिनेमाच म्हणत. मिठागरवाल्या श्रीमंताची मुलगी आणि एका कोळ्याचा मुलगा, दोघं होडीतून पळून जातात, रात्री वादळ होतं आणि सकाळी दोघं हातात हात धरून वाळूत पडलेली सापडतात. जिवंतपणी ज्यांना एका वाटेनं चालू दिलं नाही त्यांना गाव मग एका तिरडीवरून नेतं. तीस वर्षं झाली तरी मद्रासचं रडू आटलं नव्हतं. त्या सिनेमानं नायिकेचं नाव झालं, बंगला झाला, पुढं थाटात लग्नही झालं. पण तिरडीवर ती नव्हतीच. तिरडीवर रंजितम होती.

त्याचं असं झालं होतं. नायिकेची आई सेटवर खुर्ची टाकून बसायची आणि मुलीच्या घासापासून पदरापर्यंत सगळ्यावर नजर ठेवायची. शेवटच्या प्रसंगाच्या दिवशी तिनं साफ सांगितलं, की लग्नाच्या मुलीच्या कपाळाला मी मयताचं नाणं चिकटवू देणार नाही, मग सिनेमा होवो न होवो. दिग्दर्शकानं हात जोडले, निर्मात्यानं आवाज चढवला, पण बाई हलली नाही. तेव्हा सबेसन नावाचा सहायक दिग्दर्शक रडणाऱ्या बायकांच्या घोळक्यात शिरला आणि अंगलटीनं नायिकेसारखी कोण दिसते ते पाहू लागला. पनरुटीहून वर्षभरापूर्वी आलेली, एकोणीस-वीस वर्षांची रंजितम त्याला दिसली. ओले केस अर्ध्या तोंडावर ओढले की झालं, असं तो म्हणाला. रंजितम खूश झाली. गर्दीत उभं राहण्यापेक्षा झोपून राहायला मिळतंय, हे तिला बरंच वाटलं.

आता, सिनेमावाल्यांची एक रीत आहे. जो कुणी कॅमेऱ्यासमोर मेला, त्याला शेवटी पुन्हा कॅमेऱ्यासमोर उठून बसवायचं आणि हसायला लावायचं. कॅमेरा चालू व्हायचा, मेलेला माणूस डोळे उघडून त्याच्याकडं बघून हसायचा, सगळे टाळ्या वाजवायचे, कोहळा फोडायचे आणि मरण तिथंच फिटायचं. हसल्याशिवाय उठलं तर ते मरण अंगावर राहतं, असं समजत. मोठमोठे नट, ज्यांच्या गाडीच्या दारापाशी पोलीस उभे असत, तेसुद्धा मयताचा प्रसंग झाला की मुकाट्यानं हसून दाखवत.

त्या संध्याकाळी महाबलीपुरमच्या अलीकडच्या किनाऱ्यावर नायकाचं हसू घेतलं, कोहळा फुटला, कापूर जळला. सगळे पांगायला लागले. रंजितम आपली वाळूत पडून होती. बऱ्याच वेळानं तिनं एक डोळा उघडला तेव्हा दिवे उतरवून गाडीत चढवत होते. ती ओल्या लुगड्यानिशी सबेसनकडं गेली आणि म्हणाली, सर, माझं हसू राहिलं. सबेसन घाईत होता. रीळ संपलं, उद्या घेऊ, असं म्हणून तो जीपमध्ये बसला. उद्या दुसऱ्याच सिनेमाचं काम होतं.

तिनं तेव्हा मनावर घेतलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी नळावर तिनंच हे बायकांना रंगवून सांगितलं. मी अजून मेलेलीच आहे बरं का, असं म्हणून बादल्या भरल्या. सगळ्या पोट धरून हसल्या. एवढं एक बोलणं तिनं त्या दिवशी गिळलं असतं तर पुढचं पुष्कळसं टळलं असतं, पण विशीच्या पोरीला तोंड आवरायला कोण शिकवणार?

लग्न झालं ते तंगवेलूशी. तो सेटवरचा सुतार होता, देवळं आणि राजवाडे लाकडाचे करायचा, स्वभावानं विनोदी. पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं. दुसरं जन्मलं आणि आठवडाभरात गेलं. नळावरच्या बायका आता हसत नव्हत्या, एकमेकींकडं बघत होत्या. मग एका राजवाड्याच्या तिसऱ्या मजल्यावरून तंगवेलू पडला, खुबा मोडला, आणि तेव्हापासून दारातल्या बाकावर बसून गल्लीतल्या पोरांना भोवरे करून देणं एवढंच त्याचं काम उरलं. तेव्हा मात्र कुणीतरी उघड म्हणालं, की हसल्याशिवाय उठलेली बाई आहे ती, मरण अंगावर घेऊनच घरात आली.

रंजितमचा यावर विश्वास होता का, असं कुणी विचारलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं कोण जाणे. पहाटे उठून पाणी भरायचं, नवऱ्याला उठवून बसवायचं, सिनेमाला गर्दी पुरवणाऱ्या एजंटच्या गाडीपाशी जाऊन उभं राहायचं, आज लग्नातली बाई, उद्या बाजारातली बाई, परवा छाती पिटणारी बाई व्हायचं, दुपारी पानावरचा सांबारभात खायचा, संध्याकाळी पाय ओढत यायचं. यात विश्वास ठेवायला आणि न ठेवायला वेळ कुठं होता? पुढंही तिला पुष्कळदा मयत केलं. प्रत्येक वेळी ती नेमानं उठून हसली. पण ती नंतरची मरणं होती. पहिलं तसंच राहिलं होतं, दारात उभ्या असलेल्या पाहुण्यासारखं, ज्याला कुणी आत बोलावत नाही आणि जा म्हणत नाही.

एक गोष्ट तेवढी चांगली घडली. धाकटी बहीण गेली आणि तिची तीन वर्षांची कलैसेल्वी रंजितमच्या पदरात आली. पोर तिला पेरिअम्मा म्हणे, म्हणजे थोरली आई. रंजितमनं तिला गर्दीत उभं राहून वाढवलं, शिकवलं आणि त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या अंजलैच्या मुलाला दिली. मुलगा सेटवर दिव्यांचं काम करणारा, शांत. अंजलै तोंडाची तिखट पण मनाची वाईट नव्हती. तिचा नवरा सिनेमात मारामाऱ्या करायचा. घोड्यावरून, गच्चीवरून, तलवारीनं, बंदुकीनं तो इतक्यांदा मेला होता की मोजदाद नव्हती, आणि शेवटी घरच्या खाटेवर, बायकोच्या हातचं पेजेचं पाणी पिऊन म्हातारपणानं गेला. प्रत्येक वेळी हसला म्हणूनच असं मरण आलं, असं अंजलै सांगायची. वैधव्याचं तिला जे काही समाधान होतं ते एवढंच.

कलैसेल्वीचं पहिलं गेलं. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा दोन्ही घरं श्वास रोखून होती. सातवा लागला, ओटीभरणीचा, म्हणजे हातात बांगड्या भरायचा शुक्रवार ठरला. बांगड्या भरल्या की मुलगी बाळंतपणाला माहेरी यायची. रंजितमनं खोलीला चुना लावला, पाळण्याची दोरी बदलली. तंगवेलूनं कडुलिंबाच्या कोवळ्या काडीची बांगडी वळून पाहिली, कारण पहिली बांगडी तीच असते आणि ती मुलीच्या आईनं भरायची असते.

आणि नेमका त्याच्या आधीच्या रविवारी होडीचा सिनेमा लागला.

अंजलैनं तो यापूर्वी दहादा पाहिला असेल, पण या वेळी शेजारी सून पोटावर हात ठेवून बसली होती आणि पडद्यावर तिची आई तिरडीवर होती. सोमवारी सकाळी अंजलै आली. उंबऱ्याच्या आत आली नाही, तंगवेलूच्या बाकाच्या टोकाला टेकली. पाणी दिलं ते नुसतं हातात धरून बसली.

"विहीणबाई, वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "तुम्हाला पोटचं मूल नाही, ते मी कधी काढलं नाही. पोरीला तुम्ही वाढवलंत, आईच तुम्ही. पण एकदा गेलंय तिचं. आता मला धीर नाही."

"सरळ बोला की," रंजितम म्हणाली.

"शुक्रवारी तुम्ही बांगड्या भरू नका. माझी नणंद भरेल. आणि बाळंतपणही आमच्याकडंच होऊ दे. तुमचं ते राहिलंय ना."

तंगवेलूनं भोवरा खाली ठेवला आणि विचारलं, "मग मी इतकी वर्षं कुणाबरोबर संसार करतोय, भुताबरोबर?" त्यावर कुणी हसलं नाही. रंजितमला राग यायला हवा होता. पण अंजलैनं तो भरलेला पेला दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, आणि तिला त्या पेल्याचीच दया आली. बरं, तुम्ही म्हणाल तसं, असं ती म्हणाली आणि आत जाऊन भिंतीला पाठ लावून बसली. इतकी दमली होती की रडूसुद्धा आलं नाही.

संध्याकाळी कलैसेल्वी पोट सांभाळत आली. तिला घरी कळलं होतं. पेरिअम्मा नाही तर बांगड्या नाहीत, मी हात पुढं करणारच नाही, असं तिनं सासूला सांगितलं होतं. सासू रडली होती, ही रडली होती, नवरा जेवणाचं ताट टाकून कामावर गेला होता. रंजितमनं तिला समजावलं, की मी दारातून बघेन, काय फरक पडतो. पोरगी तिच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "मलाही भीती वाटते गं. पण तू नसलीस तर जास्त वाटते."

हे ऐकलं आणि रंजितम दुसऱ्या दिवशी कामाला गेली नाही, सबेसनला शोधायला निघाली.

सबेसन वडपळनीच्या देवळामागं मुलाच्या घरात राहत होता. तोही पुढं फार मोठा वगैरे झाला नाही. दोन सिनेमे काढले, दोन्ही पडले, आता मागच्या खोलीत वर्तमानपत्र नाकाला लावून वाचत बसायचा. त्यानं तिला ओळखलं नाही. होडी म्हटल्यावर ओळखलं आणि एकदम खुलला. सुनेला कॉफी आणायला सांगितली, त्या नायिकेच्या आईची नक्कल करून दाखवली. रंजितम कॉफी निववून प्यायली आणि मग तिनं सगळं सांगितलं. नळावरच्या बायकांपासून शुक्रवारपर्यंत. शेवटी म्हणाली, "तेव्हा रीळ संपलं म्हणालात, सर. आता कुठून एक रीळ मिळेल का? एवढं माझं हसू घेऊन टाका."

सबेसन हसायला लागला. त्याला ती सेटवरची गंमतच वाटली.

"अगं वेडे, रीळ कसलं संपतंय? हसू घ्यायला रीळ कधी लावलंच नाही आम्ही. तेव्हा रिळाची किती मारामार होती! सरकारकडून मोजून मिळायचं. मेलेल्यांच्या हसण्यावर कोण उधळेल? रिकामा कॅमेरा घर्रर्र करून फिरवायचो. नट खूश, बायका खूश."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. आमच्या कंपनीत तरी सगळ्यांचं."

"मग माझ्यासमोर का नाही फिरवला?"

इथं त्याचं हसू थांबलं. त्यानं आठवून पाहिलं. प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. मग म्हणाला, "विसरलो असू. तू गर्दीतली होतीस ना."

रंजितमनं पेला खाली ठेवला. तिच्या डोळ्यांपुढं काय काय येऊन गेलं असेल ते आपण सांगू नये. दोन मुलं, नवऱ्याचा खुबा, नळावर मान फिरवणाऱ्या बायका. जे कुणाकडंच नव्हतं ते आपल्याकडं नाही म्हणून एवढी वर्षं मान खाली घालून काढली, हे समजायलाही तिला थोडा वेळ लागला. आधी तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता गल्लीत जावं आणि नळावर उभं राहून ओरडून सांगावं. मग अंजलै आठवली. तिचा नवरा याच सबेसनच्या कंपनीत मेला होता, पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक वेळी हसला होता. रंजितमनं ओरडून सांगितलं तर त्या म्हातारीजवळ काय उरणार? आणि सुनेच्या पोटाकडं बघून ती आणखी किती घाबरणार?

"तुमच्याकडं एखादा कॅमेरा आहे का, सर?" तिनं विचारलं.

"मुलाचा आहे. आणि रीळही आहे. शुक्रवारी येतो, चांगला फोटोच काढू की. चूक झाली ती झाली, आता पुरी करू."

"रीळ नको," रंजितम म्हणाली. "सगळ्यांचं जसं झालं तसंच माझं होऊ दे."

शुक्रवारी सकाळी अंजलैच्या अंगणात चटया पसरल्या. चिंचभात, लिंबूभात, दहीभात पातेल्यांत झाकून ठेवला होता. बांगडीवाला लाल-हिरव्या काचेच्या माळा हातावर घेऊन आला. अंजलैला आदल्या दिवशी सबेसन स्वतः भेटून गेला होता, की राहिलेलं काम आहे, पुरं करून टाकतो. मोठा माणूस घरी चालत आला याचंच तिला एवढं वाटलं, की तिनं लगेच होकार दिला आणि कोहळाही तीच घेऊन आली.

कलैसेल्वीला नजर नको म्हणून आत बसवलं. रंजितम चटईवर आडवी झाली. बायकांनी गोल केला. कपाळावर नाणं अंजलैनं ठेवलं, चंदनात बुडवून. सबेसन खुर्चीत बसला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि जुन्या सवयीनं मोठ्यानं म्हणाला, "चालू."

रंजितमनं डोळे मिटले. पाठीखाली जमीन होती, कुणी हाक मारत नव्हतं, कुठं जायचं नव्हतं. पहाटेपासून रात्रीपर्यंत इतकी वर्षं उभं राहिलेल्या बाईला असं भर दिवसा आडवं व्हायला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिला खरंच वाटलं, न उठलं तर? नाही उठलं तर काय होईल? नाणं गार होतं, बरं वाटत होतं.

"हं, ऊठ," सबेसन म्हणाला.

ती उठली नाही. अंजलैचा श्वास तिच्या डोक्याशी जोरजोरात चालला होता. सबेसननं पुन्हा म्हटलं. तेवढ्यात आतल्या दारातून कलैसेल्वीची हाक आली, "पेरिअम्मा, माझे पाय आखडले गं, किती वेळ?"

रंजितम उठून बसली. नाणं घरंगळून मांडीवर पडलं. समोर कॅमेऱ्याचं काळं भोक होतं आणि त्याच्या आत काही नव्हतं, हे त्या अंगणात दोनच माणसांना माहीत होतं. ती हसली. आधी एजंटनं शिकवलेलं, दात दाखवून. मग तिला त्या रिकाम्या डब्यासमोर थाटात हसणारे एकेक नट आठवले, अंजलैचा मिशाळ नवरा आठवला, आणि तिला खरंच हसू आलं. ते थांबेना. पदर तोंडात घातला तरी थांबेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा बायका टाळ्या वाजवत होत्या, कोहळा फुटला होता, आणि दाराबाहेर आणून ठेवलेल्या बाकावरून तंगवेलू ओरडत होता, की बास, आता काय जन्मभराचं आजच हसतेस.

अंजलैनं डोळे पुसले. "माझ्या मालकांचंही असंच घ्यायचे. मी एकदा उभी राहून पाहिलंय."

"हो, विहीणबाई," रंजितम म्हणाली. "अगदी असंच घ्यायचे."

मग कलैसेल्वीला बाहेर आणलं, पाटावर बसवलं, गालाला आणि हातांना चंदन लावलं. अंजलै विधवेच्या रीतीप्रमाणं मागं सरकली, भिंतीपाशी, आणि तिथून हातानं खूण केली, तुम्ही पुढं व्हा. तंगवेलूनं वळलेली कडुलिंबाची बांगडी रंजितमनं पोरीच्या हातात सरकवली. मग काचेची लाल, मग हिरवी. हात भरत गेला.

"आता बरं वाटतंय ना गं?" कलैसेल्वीनं हळूच विचारलं.

"दमलेय," रंजितम म्हणाली. "दुसरा हात दे."